मिनिटं कमी झाली, पण कोणती?



या ब्लॉगवर आपण सहसा एक पेपर घेतो आणि तो उलगडून बघतो. आजही एक पेपर आहेच, पण त्या निमित्ताने अख्ख्या विषयाशी थोडं भांडायचं आहे. विषय आहे फोनचा अतिवापर कमी करायला मदत करणारं तंत्रज्ञान. ते कसं घडवतात, आणि ते उपयोगी पडलं हे ठरवतात कसं? भांडण मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाशी आहे.

आधी एक कबुली. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी प्रपोजल लिहिताना मला वाटलं, आधी स्वतःवर करून बघू. फोनवर एक ॲप टाकलं. ठरवून दिलेली ॲप्स उघडायला गेलं की ते मध्ये येऊन थांबवायचं. मी यादीत सगळंच घातलं, व्हॉट्सॲपसुद्धा. दोन आठवड्यांत आलेख असा सुंदर खाली आला की मी त्याचा स्क्रीनशॉट गाइडना पाठवला. त्याच रविवारी आईचा फोन आला. "काय गं, हल्ली तुझा मेसेजच नसतो. बरी आहेस ना?"

मग नीट बघितलं. घटलेल्या मिनिटांतली बरीचशी आईची आणि ग्रुपवरच्या भावंडांची होती. रील्स मात्र रात्री लॅपटॉपवर चालूच होत्या. आलेख खोटा नव्हता, पण मी त्याला जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नव्हतं. मी मूळची संख्याशास्त्राची एम.एस्सी., त्यामुळे हे जास्तच लागलं. आता ही झाली एका माणसाची गोष्ट, तिला प्रयोग म्हणू नका. पण हा प्रश्न डोक्यात ठेवून पेपर वाचायला घेतले, आणि बऱ्याच ठिकाणी तीच चूक नीटनेटक्या भाषेत भेटली.

थोडी पार्श्वभूमी

२०१८ हे या विषयातलं महत्त्वाचं वर्ष. मे महिन्यात गूगलने 'डिजिटल वेलबीइंग' जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये ॲपलच्या आयओएस १२ बरोबर 'स्क्रीन टाइम' आलं. तोवर जे काम छोटी ॲप्स करत होती, ते आता फोनमध्येच आलं. संशोधनातही त्याच सुमारास जोर आला. २०१९ साली ऑक्सफर्डच्या उल्रिक लिंग्ज आणि सहकाऱ्यांनी अशा ३६७ साधनांचा आढावा घेतला. त्यांच्या वर्गवारीत ढोबळमानाने चार प्रकार पडतात: अडवणारी, मोजून दाखवणारी, ध्येयाची आठवण करून देणारी, आणि बक्षीस किंवा शिक्षा देणारी.

तुमच्या फोनमधली मर्यादेची सोय आठवा. ठरवलेला वेळ संपला की आयफोनवर पाटी येते, आणि त्याच पाटीवर 'आजच्या दिवसापुरती मर्यादा बाजूला ठेवा' असाही पर्याय असतो. काही दिवसांनी अंगठा पाटी न वाचताच तिथे जातो. अँड्रॉइडवर टायमर संपला की ॲपचं चिन्ह करडं पडतं आणि ते उघडायला सेटिंगमध्ये जाऊन टायमर काढावा लागतो. म्हणजे एकाने कुलपाशेजारीच किल्ली टांगली आहे, दुसऱ्याने ती आतल्या खोलीत ठेवली आहे. अशा बारीक फरकांतच डिझाइन असतं, आणि संशोधनाचा खरा विषयही तोच.

आजचा पेपर

२०२३ साली 'पीएनएएस' या नियतकालिकात डेव्हिड ग्र्यूनिंग, फ्रेडरिक रीडेल आणि फिलिप लोरेन्झ-स्प्रीन यांचा 'वन सेक' या ॲपवरचा पेपर आला. ॲपची कल्पना साधी आहे. तुम्ही इन्स्टाग्राम उघडायला गेलात की आधी काही सेकंदांचा थांबा येतो. तुम्ही ते किती वेळा उघडायचा प्रयत्न केलात हे दिसतं, आणि मग विचारलं जातं: पुढे जायचं, की राहू दे?

२८० जणांचा सहा आठवड्यांचा डेटा आहे. थांब्यानंतर १०० पैकी ३६ वेळा लोकांनी 'राहू दे' म्हटलं. शिवाय पहिल्या आठवड्याच्या तुलनेत सहाव्या आठवड्यात उघडण्याचे प्रयत्नच ३७ टक्क्यांनी घटले. दोन्ही मिळून ५७ टक्के घट, असा पेपरचा निष्कर्ष.

यानंतरचा भाग मला पेपरातला सगळ्यात चांगला वाटतो. थांबा, संदेश आणि मागे फिरण्याचा पर्याय हे तिन्ही एकत्र येत असतील तर काम नक्की कोण करतं? हे कळावं म्हणून त्यांनी ५०० जणांवर वेगळा ऑनलाइन प्रयोग केला, तोही आधी नोंदणी करून. मागे फिरण्याचा पर्याय सर्वांत प्रभावी ठरला. थांब्याचाही परिणाम दिसला. विचार करायला लावणाऱ्या संदेशाने मात्र फारसं काही साधलं नाही. 'लोकांना समजावून सांगा, ते सुधारतील' या समजाला हा चांगलाच धक्का आहे. लोकांना फोनचे तोटे माहीत असतात. ऐन वेळी दार दिसणं जास्त कामी येतं.

इथवर कौतुक. आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा. काय विचाराल?

पहिला प्रश्न: ही माणसं कोण?

सहा आठवड्यांच्या अभ्यासातले लोक ॲप स्वतः वापरायला तयार झालेले होते. सहा आठवडे टिकलेही. व्यायामशाळेत सहा आठवडे नियमित येणाऱ्यांचं वजन मोजून 'व्यायामशाळेमुळे शहराचं वजन घटतं' असं म्हणता येत नाही. ज्यांना वैताग आला त्यांनी ॲप काढून टाकलं असणार, आणि काढून टाकलेलं ॲप डेटा पाठवत नाही.

ही गळती किती महत्त्वाची असते ते स्टॅनफर्डच्या 'हॅबिटलॅब'च्या कामात दिसतं. २०१८ साली गेझा कोव्हॅक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकच युक्ती रोज वापरली तर तिची धार जाते. युक्त्या आलटून पालटून वापरल्या तर परिणाम टिकतो, पण साधन सोडून जाणारे वाढतात. म्हणजे औषध कडक केलं की रोगी पळतो. ज्या पेपरात परिणाम दिला आहे पण गळती दिलेली नाही, त्याची अर्धीच गोष्ट तुमच्या हाती आली असं समजा.

दुसरा प्रश्न: तुलना कशाशी?

सहावा आठवडा आणि पहिला आठवडा, माणसं तीच. वेगळा कंट्रोल ग्रुप नाही. माणूस असं ॲप केव्हा घेतो? परीक्षा जवळ आली की, किंवा एखादा आठवडा फारच वाया गेला की. म्हणजे वापर शिगेला असतानाच. त्यानंतर तो थोडा आपोआपही उतरतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ३७ टक्क्यांतले किती ॲपमुळे आणि किती एरवीही उतरले असते, हे या रचनेतून सुटं करता येत नाही. मात्र थांब्यानंतरच्या ३६ टक्के माघारींना हा आक्षेप तितका लागू होत नाही, कारण ती माघार त्याच क्षणी, समोरच्या पर्यायावर घडलेली आहे. टीका करताना हा फरक ठेवा. सगळ्याच आकड्यांना एका काठीने हाकू नका.

आणखी एक बाब: लेखकांपैकी रीडेल हेच ॲपचे निर्माते आहेत. यात लपवाछपवी नाही. निर्माता सोबत असल्याशिवाय असा डेटा मिळतही नाही. पण वाचकाने हे लक्षात ठेवूनच वाचायचं. दुसऱ्या प्रयोगाची आधी नोंदणी केली होती, त्याचं मोल म्हणूनच जास्त.

तिसरा प्रश्न: मोजलं काय?

माझं खरं भांडण इथे आहे. पेपरने मोजलं ते ॲप उघडणं. मिनिटं मोजणारेही पेपर पुष्कळ आहेत. दोन्हींत एक गोष्ट समान: लॉगमध्ये जे सहज सापडतं तेच मोजलं जातं.

लॉगवर एवढा भर का आला, त्याला कारण आहे. २०१५ साली सॅली अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी २३ जणांचे फोन दोन आठवडे नोंदवले. दिवसाला सरासरी पाच तास वापर, आणि सुमारे ८५ वेळा फोन हातात. लोकांचा स्वतःचा अंदाज होता ३७ वेळा. अर्ध्याहून जास्त वेळा तर फोन ३० सेकंदांपेक्षाही कमी वेळ वापरला गेला होता. २०२१ साली डग्लस पॅरी आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशोब 'नेचर ह्यूमन बिहेविअर'मध्ये मांडला. लोक सांगतात तो वापर आणि लॉगमधला वापर यांचा सहसंबंध जेमतेम ०.३८ निघाला. 'फोनचं व्यसन' मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचा तर आणखी कमी.

त्यामुळे सगळ्यांनी ठरवलं: लोकांना विचारू नका, लॉग बघा. किती वेळ हा प्रश्न असेल तर हे बरोबरच आहे. पण लॉगला हेतू दिसत नाही. आईचा मेसेज आणि अनोळखी माणसाचं रील त्याच्या लेखी सारखंच. वन सेकने थांबवल्यावर जे ६४ वेळा पुढे गेले, ते हरले की खरंच काही काम होतं? जे ३६ वेळा मागे फिरले, त्यांनी नको ते टाळलं की वैतागून हवं ते सोडलं? आकडा एकच, अर्थ चार.

अर्थशास्त्रातलं एक उदाहरण या बाबतीत जास्त सावध आहे. हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झको आणि लीना साँग यांचा २०२२ चा पेपर बघा. त्यांनी सुमारे २००० लोकांच्या फोनवर 'फोन डॅशबोर्ड' नावाचं ॲप घातलं. काही जणांना उद्याची मर्यादा आज ठरवण्याची सोय दिली. मर्यादा संपल्यावर वाढीव वेळ मागितला तर काहींना तो लगेच मिळे, काहींना काही मिनिटं थांबून, काहींना मिळतच नसे. ही सोय नुसती हाताशी असल्याने वापर दिवसाला सरासरी २२ मिनिटांनी घटला. इथे मर्यादा माणसाने स्वतः, शांत डोक्याने, आदल्या दिवशी ठरवलेली आहे. म्हणजे आकड्याच्या मागे निदान एक इच्छा आहे. सोशल मीडियाच्या वापरातला ३१ टक्के भाग आत्मसंयमाच्या अडचणीतून येतो, असा त्यांचा अंदाज. तो एका मॉडेलमधून आलेला आहे, थेट मोजलेला नाही. आणि त्याची दुसरी बाजू वाचा: मॉडेलच्या हिशोबाने बराच मोठा भाग लोकांना हवाच असतो. मग सरसकट घट हे यश कसं?

माझ्याच अनुभवाला उलटा पुरावा

वर मी म्हटलं की माझ्या रील्स लॅपटॉपवर गेल्या. हा आक्षेप नेहमीचाच: इकडे अडवलं की पाणी तिकडून वाहणार. कोव्हॅक्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली नेमकं हेच तपासलं. एका ठिकाणी हस्तक्षेप वाढवला तर बाकीच्या ॲप्सवरचा वेळ वाढला नाही. तो तेवढाच राहिला किंवा घटला. फोनवरून ब्राउझरवर किंवा उलट असंही काही सरकलं नाही. म्हणजे माझं जे झालं ते सर्वसाधारण नव्हे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्या अनुभवाशी जुळणारा पेपर शोधणं फार सोपं असतं. न जुळणारा पेपर सापडला की तो आधी उद्धृत करायचा.

पण आईच्या मेसेजचा प्रश्न यातून सुटत नाही. वेळ कुठे गेला हे त्यांनी शोधलं. गेलेला वेळ कोणता होता, हा प्रश्न उरतोच.

मग मोजायचं कसं?

वाट दाखवणारं काम आहे. २०२१ साली काई लुकॉफ आणि सहकाऱ्यांनी यूट्यूब वापरणाऱ्या १२० जणांना विचारलं: या ॲपमधल्या कोणत्या गोष्टींमुळे लगाम आपल्या हातात आहे असं वाटतं आणि कोणत्यांमुळे सुटल्यासारखं? आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ आणि शिफारशी लगाम काढून घेतात, शोध आणि प्लेलिस्ट तो परत देतात. ॲप एकच. त्याच वर्षी कोरियातल्या ह्यूनसंग चो आणि सहकाऱ्यांनी पश्चात्ताप मोजला, तोही अख्ख्या ॲपचा न मोजता त्यातल्या एकेका सोयीचा. एकाच ॲपमधल्या सगळ्या भागांबद्दल लोकांना सारखा पश्चात्ताप वाटत नाही, हे त्यातून दिसलं. हे वाचलं तेव्हा मला माझा आलेख कळला. मी भाजीत खडा आला म्हणून पातेलंच ओतून दिलं होतं.

यातून डिझाइनबद्दलही एक गोष्ट निघते. बाहेरून कुलूप लावणारं साधन अख्खं ॲप बंद करू शकतं, आतला एखादा भाग बदलणं त्याला अवघड जातं. आतली रचना ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या हातात असते, आणि आपण जास्त वेळ रमलो तर तिचा फायदाच. 'मर्यादा लावा' म्हणत सगळी जबाबदारी वापरणाऱ्याच्या अंगठ्यावर टाकणं मला म्हणूनच पटत नाही.

फोन कोणाचा?

या सगळ्या साधनांत एक गृहीतक दडलेलं आहे: एक फोन, एक माणूस. आपल्याकडे ते किती ठिकाणी लागू पडतं? २०१८ साली नित्या संबाशिवन आणि सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या बायकांच्या फोन वापराचा अभ्यास केला. फोन मुलाच्या हातात, नवऱ्याच्या हातात, शेजारणीच्या हातात जातो, आणि बाईचा खासगीपणा या देवाणघेवाणीतच सांभाळला जातो, असं चित्र त्यातून पुढे आलं. अशा फोनवर 'आजचा वापर ५ तास' दिसलं तर ते कोणाचे तास? आणि मर्यादा लागली तर अडवलं कोणाला? महाराष्ट्रात असा अभ्यास करायचा असेल तर हा प्रश्न पहिल्या पानावर हवा.

आणि आपल्याच सांगली जिल्ह्यात याच्या अगदी उलट रचना उभी राहिली आहे. मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरलं की रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल, आणि पुढचा दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद. कोरोनाच्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातातून फोन सुटत नव्हता, हे त्यामागचं कारण. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा ताई, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले.

संशोधकाच्या नजरेने हे डिझाइन बघा. एकट्याने फोन बाजूला ठेवला की आपण काहीतरी चुकवतोय असं वाटत राहतं. सगळ्यांनीच ठेवला की चुकवण्यासारखं फारसं उरत नाही. शिवाय त्या वेळेत काय करायचं हे ठरलेलं आहे: अभ्यास, वाचन, बोलणं. आपली बहुतेक ॲप्स नुसतं 'हे नको' म्हणतात. भोंगा म्हणजे पुरावा नव्हे, आणि गावाच्या दबावात कोणाची गैरसोय होते हेही तपासायला हवं. पण माणूस एकटाच स्वतःशी झगडतो आहे असं धरून चाललेल्या विषयाला, घर किंवा गाव हे एकक धरता येतं, ही आठवण तो भोंगा करून देतो.

तुम्ही प्रपोजल लिहीत असाल तर

मला उशिरा कळलेल्या चार गोष्टी सांगते.

१. यशाची व्याख्या डेटा यायच्या आधी लिहा, आणि त्यात 'घट' हा शब्द न वापरता लिहून बघा. जमलं नाही तर प्रश्न अजून नीट झालेला नाही.

२. लॉग घ्याच, पण त्यातले थोडे क्षण निवडून माणसाला तिथल्या तिथे विचारा: आत्ता जे केलंत ते करायचंच होतं का? रोज ८५ वेळा विचारू नका, लोक पळतील.

३. सोडून गेलेल्यांना शोधा आणि का सोडलं ते विचारा. ते तुमचे निकालच आहेत.

४. फोन किती हातांतून जातो, हे पहिल्याच फॉर्ममध्ये विचारा.

माझ्या प्रपोजलमधलं जुनं वाक्य असं होतं: 'प्रस्तावित ॲपमुळे सहभागींच्या स्क्रीन टाइममध्ये लक्षणीय घट होईल.' समितीतल्या एका मॅडमनी पेन्सिलीने 'घट' शब्दाभोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'कशातली?' तेव्हा राग आला होता. आता ते वाक्य असं आहे: 'सहभागींनी जे करायचं ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात जे केलं, यांतलं अंतर कमी होतं का, हे तपासणे.' मोजायला हे कितीतरी अवघड आहे. काम सहा महिने लांबलं. पण यात आईचे मेसेज निदान चुकीच्या खात्यात जमा होत नाहीत.

व्हॉट्सॲप मी यादीतून काढलं आहे. रील्सच्या भागाशी अजून झटापट चालू आहे.

तुमच्या विषयातही असा एखादा सोपा आकडा असेल, जो सगळे मोजतात म्हणून तुम्हीही मोजता आहात. तो कोणता, ते लिहून कळवा. पुढच्या लेखासाठी त्यातलाच एक घेऊ.